तोंडाचा फोटो, रक्ताची नळी आणि एकच सही: कॅन्सर तपासणीतलं एआय आणि जनुकशास्त्र
(संकेतस्थळावरची चर्चा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ
कोकणातल्या गावात कॅन्सर तपासणीचं शिबिर म्हटलं की टॉर्च, जीभ दाबायची पट्टी आणि नोंदवही एवढंच सामान. आता मोबाइलवर तोंडाचा फोटो काढून एआयकडून तपासून घ्यायचा, आणि ज्यांच्या घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय त्यांचं रक्त जनुकीय चाचणीला पाठवायचं, असे बेत ऐकू येतात. दोन्हींना मिळून संमतीपत्र एकच, आणि त्यात ठरलेलं वाक्य: "माझे नमुने व माहिती उपचार, संशोधन आणि उत्पादनविकासासाठी वापरण्यास माझी हरकत नाही."

माझं मत असं की तपासणी करावी, पण या वाक्याखाली सही करू नये. तीन वेगळ्या परवानग्या एका दमात मागितल्यात. प्रश्न असा: सही करणाऱ्याने, किंवा शिबिराला शाळेचा हॉल देणाऱ्या ग्रामपंचायतीने, आधी नेमकं काय विचारावं? "गोपनीयता महत्त्वाची आहे" हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे काय बिघडतं ते जाणकारांनी सांगावं.

गजालीकार
एआय तोंड बघतला, तर गाऱ्हाणा कोण घालतला? व्हय म्हाराजा.

दंतकथा
फोटोपासून सुरुवात करतो, कारण पहिला घोळ तिथेच होतो.

आपल्याकडे तंबाखू आणि मिश्री जिथे दाबून ठेवतात, म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच, तिथेच कॅन्सर जास्त दिसतो. गाल बोटाने किंवा रिट्रॅक्टरने बाहेर ओढल्याशिवाय ती खाच फोटोत येत नाही. "आ" करून काढलेल्या फोटोत जीभ आणि टाळू छान दिसतात, रोगाची जागा मात्र झाकलेली. ॲप त्या फोटोवर "संशयास्पद नाही" म्हणणार, आणि फोटोपुरतं ते खरंच असणार.

फोटो कमीत कमी आठ हवेत: दोन्ही गालांच्या आतली बाजू, वरची आणि खालची खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. आधी चूळ भरायची. मिश्रीचा काळपट थर आणि चिकट लाळ गॉजने पुसायची. पुसून जात नाही तो पांढरा चट्टाच कामाचा. फ्लॅश थेट मारला की ओल्या त्वचेवर चकाकी येते, आणि ती चकाकी प्रोग्रॅमला पांढरा चट्टा वाटू शकते. प्रकाश बाजूने द्यावा.

सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाची आणखी पंचाईत. उभी तीन बोटं आत मावत नसतील तर मागच्या भागाचा फोटो निघतच नाही. म्हणजे ज्याला धोका जास्त, त्याचाच फोटो खराब.

म्हणून पहिला प्रश्न: ॲपमध्ये "फोटो वाचता आला नाही" असा तिसरा निकाल आहे का? दोनच निकाल असतील तर न वाचलेले फोटो गुपचूप "ठीक"मध्ये जमा होतात.

करवंद
दंतकथा, अनुमोदन. भर घालतो. "९० टक्के अचूक" हा आकडा पत्रकावर ठळक छापलेला असतो, त्याचं गावात काय होतं ते बघा. समजा १००० माणसं आली आणि त्यांतल्या १० जणांच्या तोंडात खरोखर काही आहे. प्रोग्रॅम ९० टक्के रोगी पकडतो आणि ९० टक्के निरोग्यांना सोडतो असं धरू. दहातले ९ सापडले, १ सुटला. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही "संशयास्पद" आलं. एकूण १०८ चिठ्ठ्या, खऱ्या ९. बारा जणांनी काळजी करायची आणि त्यांतल्या एकालाच कारण असायचं.

१०८ जणांना तालुक्याच्या गावी कोण नेणार, बायोप्सी कोण करणार, पैसे कोण देणार, याचं उत्तर लेखी असल्याखेरीज फोटो काढूच नयेत. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, प्रमाण बदललं की उत्तर बदलेल. पण हा हिशेब आयोजकांनी स्वतःहून मांडायला हवा.

पायवाट
तेच म्हणणार होते. चिठ्ठी हातात दिली म्हणजे काम झालं असं धरतात. मृगापासून पेरणी-लावणीची धांदल, नंतर गणपती. त्या चिठ्ठ्या देवाच्या फोटोमागे खोचलेल्या राहतात. आशाताईच्या वहीत "पाठवले" असा रकाना असतो, "पोचले" आणि "निदान झाले" हे दोन रकाने त्याच्यापुढे हवेत. आणि पाठपुराव्याचा मोबदला आशाताईला वेगळा मिळतोय का तेही विचारा. फोटोमागे पैसे असतील तर फोटो वाढतील. त्यात तिचा काय दोष?

क्ष
एआयला सरसकट झोडपू नका. स्वीडनमधल्या 'मसाई' चाचणीचे २०२३ मध्ये आलेले निष्कर्ष बघा: ८०,०३३ स्त्रिया, निम्म्यांच्या मॅमोग्राफीला (स्तनाच्या एक्स-रेला) एआयची मदत. कॅन्सर सापडण्याचं प्रमाण हजारी ५.१ वरून ६.१, आणि फिल्म वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी. जिल्ह्यात रेडिओलॉजिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असताना हे नको म्हणणं, हाही एक नैतिक निर्णयच आहे.

दंतकथा
क्ष, तिथे प्रत्येक फिल्म आधीपासून दोन रेडिओलॉजिस्ट वाचत होते. काम ४४ टक्क्यांनी घटलं ते त्यातून. आपल्याकडे पहिला वाचणाराच नाही, तर दुसरा कुठून कमी करणार? शिवाय आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो, आणि तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपते. स्वीडनच्या पन्नाशीतल्या बाईवर पारखलेला प्रोग्रॅम चाळिशीच्या बाईवर तसाच चालेल हे आधी इथे तपासून दाखवायला हवं.

आणि आपल्याकडे मशीनशिवायही बरंच होतं. टाटा मेमोरियलने मुंबईत वीस वर्षं चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. दीड लाखावर स्त्रिया होत्या. पन्नाशीपुढच्या गटात मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचं मिळून मात्र १५ टक्के, आणि तो फरक संख्याशास्त्रात ठाम ठरला नाही. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालंय.

क्ष
मुद्दा मान्य, पण मग तपासून दाखवू द्या की. त्यासाठीच तर डेटा लागतो. एक गोष्ट मात्र माझ्याच बाजूच्या लोकांना सांगतो: "शेवटी डॉक्टर बघतोच" हे सुरक्षाकवच म्हणून पुरत नाही. २०२३ मध्ये जर्मनीत २७ रेडिओलॉजिस्टवर प्रयोग झाला. एआयच्या नावाने बरोबर सल्ल्याऐवजी मुद्दाम चुकीचा दिला तेव्हा नवख्यांची अचूकता सुमारे ८० टक्क्यांवरून २० वर आली, मुरलेल्यांचीही ८२ वरून ४५ वर. म्हणून डॉक्टरने आपलं मत आधी नोंदवावं, एआयचा निकाल मग उघडावा. सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम सक्तीचा करता येतो. विचारा की आहे का.

सुरंगी
आता रक्ताच्या नळीकडे येते, इथे गोंधळ जास्त आहे.

बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकात रोगकारक बदल असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७० टक्के. अंडाशयाचा बीआरसीए१ मध्ये ४४ आणि बीआरसीए२ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपास. आई किंवा बाप कुणाकडूनही येतो, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. मुलगेही वाहक असतात. "बायकांचा आजार" म्हणून काका-आत्यांची बाजू विचारलीच जात नाही.

शिबिरात होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे निरोगी पुतणीचं रक्त आधी घेणं. आधी ज्या बाईला कॅन्सर झाला तिची चाचणी व्हायला हवी. तिच्यात नेमका बदल सापडला की तोच बदल इतरांत शोधायचा. हे स्वस्तही पडतं आणि उत्तर स्पष्ट येतं. घरातला बदल माहीत नसताना पुतणी "निगेटिव्ह" आली तर त्याचा अर्थ एवढाच की सध्या माहीत असलेलं काही सापडलं नाही. ती मात्र निर्धास्त होऊन घरी जाते.

दुसरं, "अर्थ अनिश्चित" असा शेरा. रिपोर्टमध्ये व्हीयूएस असं लिहून येतं. त्यावरून स्तन किंवा अंडाशय काढायची शस्त्रक्रिया करायची नसते, नातेवाइकांची चाचणीही करायची नसते. पुढे माहिती वाढली की असे बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात, थोडे घातक ठरतात. म्हणून विचारायचा प्रश्न: तीन वर्षांनी अर्थ बदलला तर कोण कळवणार, कुणाला, कोणत्या नंबरवर? संमतीपत्रावर "पुन्हा संपर्क साधावा / साधू नये" ही चौकट आणि एका नातेवाइकाचा नंबर हवाच.

अवांतर: लाळेचा नमुना घेणार असतील तर आधी अर्धा तास खाणं, चहा, मिश्री, तंबाखू काही नाही. शक्य असेल तर सरळ रक्त, जांभळ्या टोपीच्या नळीत.

मचवा
सुरंगीताईंच्या "अर्थ अनिश्चित"वरून: हा शेरा आपल्या वाट्याला जास्त येतो, कारण जगातल्या जनुकीय संग्रहांत भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. एखादा बदल आपल्याकडे दर शंभरात एकाकडे असेल आणि निरुपद्रवी असेल, तरी संग्रहात तो दिसला नाही की संशयित ठरतो. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १०,०७४ जणांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली ती याचसाठी महत्त्वाची.

उलट्या बाजूचं उदाहरण अधिक बोलकं आहे. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मरकॅप्टोप्युरिन हे औषध देतात. ते कुणाला बाधेल हे ओळखायला वर्षानुवर्षं टीपीएमटी हे जनुक बघत, कारण युरोपीय मुलांत तेच जबाबदार सापडलं होतं. आशियाई मुलांच्या पांढऱ्या पेशी टीपीएमटी ठीक असूनही कोसळत. २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ हे जनुक पुढे आलं. आपल्याकडे महत्त्व त्याचं जास्त. कुणाच्या रक्तावर अभ्यास झाला यावरून कुणाला मात्रा जास्त पडते ते ठरतं.

त्यामुळे "सही करू नये" हे मला पटत नाही. आपण डेटा दिलाच नाही तर पुढची पिढीही "अनिश्चित"च राहणार.

तिठा
मचवा, द्यायला हरकत नाही, पण कुणाला? सरकारी संग्रह वेगळा आणि "उत्पादनविकास" वेगळा. २०२३ मध्ये '२३अँडमी' या अमेरिकन कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मग ग्राहकांची जनुकीय माहिती हीच विकायची मालमत्ता ठरली. सही करताना समोर असलेली कंपनी पुढे तीच राहील याचा भरवसा नाही.

"नाव काढून टाकलंय" हेही कोकणात फार कामाचं नाही. आडनावं गावावरून पडलेली, लग्नं ठरावीक गावांत. आडनाव काढलं पण पिनकोड, वय आणि "पुरुष, स्तनाचा कॅन्सर" ठेवलं, तर वाडीतलं शेंबडं पोरही नाव सांगेल. पिनकोडऐवजी जिल्हा, नेमक्या वयाऐवजी दहा वर्षांचा गट, आणि एका गटात पाचापेक्षा कमी माणसं असतील तर तो गट प्रसिद्ध करायचा नाही, एवढं किमान विचारा. फोटोत ओठांच्या वरचा चेहरा येत असेल तर तिथल्या तिथे कापलेला हवा.

गजालीकार
पिनकोड कशाक होयो? आमच्याकडे नुसती खोकल्याची तऱ्हा सांगितलास तरी घर कळता.

कायदेकानू
थोडं कायद्याचं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. आणि ती मागे घेणं, देण्याइतकंच सोपं हवं. खाडीकाठ यांनी दिलेलं वाक्य "विशिष्ट" या एका शब्दावरच अडखळतं. माहिती कशासाठी घेतात ही सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागता येते, म्हणजे मराठीत मागा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे तोवर कागदावर काय लिहिलंय तेच तुमचं शस्त्र. संशोधनाला या कायद्यात सवलत आहे. म्हणून "संशोधन" या सदराखाली काय काय कोंबलंय ते बघा.

वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना आयोजकांशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. शिबिरातलाच स्वयंसेवक चालत नाही. आणि २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआयने रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं चालत नाही, ते नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकतं. म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर आलेला निकाल सरळ रुग्णाला वाचून दाखवणं योग्य नाही. खाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा.

गजालीकार
आठव्या अनुसूचीत कोकणी आसा, मालवणी नाय. म्हणजे आमका मराठीतच फसवतले.

काचपट्टी
सगळे डेटावर बोलताहेत, नमुन्यावर कुणी बोलेना. गाठीच्या तुकड्यावर जनुकीय चाचणी करायची तर सगळा खेळ बाटलीतल्या फॉर्मेलिनचा, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाचा आहे. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन, तुकड्याच्या दहापट, सहा ते बहात्तर तास. प्रत्यक्षात बाजारातलं तीव्र फॉर्मेलिन नळाच्या पाण्यात अंदाजे मिसळतात. बफर नसलं की ते आम्लधर्मी होत जातं आणि डीएनएचे तुकडे पडतात. त्यात शनिवारी बायोप्सी झाली, परशुराम घाटात दरड आली, पार्सल बुधवारी मुंबईत पोचलं, तर बहात्तर तासही गेले.

मग दोन गोष्टी होतात. एक तर "नमुना अपुरा". किंवा त्याहून वाईट, फॉर्मेलिनमुळे डीएनएतल्या 'सी' अक्षराचं 'टी' झालेलं दिसतं आणि खोटा बदल रिपोर्टमध्ये येतो. नमुन्यातल्या पाच टक्क्यांहून कमी डीएनएत दिसणाऱ्या अशा बदलावर महागडं औषध सुरू करण्यापूर्वी प्रयोगशाळेला विचारायचं की हा फॉर्मेलिनचा दोष नाही ना. एआय हे वाचणार असेल तरी त्याला बाटलीची कहाणी माहीत नसते. म्हणून बाटलीवर दोन वेळा लिहायच्या: तुकडा काढला कधी, फॉर्मेलिनमध्ये टाकला कधी.

आणि एक नैतिक पेच जो या टेबलावर रोज असतो. चाचणी गाठीची असते, औषध ठरवायला. पण त्यात बीआरसीएचा बदल सापडला तर तो जन्मजात असू शकतो. रुग्णाने स्वतःपुरती चाचणी मागितली होती आणि उत्तर त्याच्या लेकींबद्दलही आलं. हे कळवायचं का, हे आधी विचारलेलं नसेल तर नंतर विचारणं म्हणजेच सांगणं.

सुरंगी
काचपट्टी, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. म्हणून रक्ताने किंवा लाळेने खात्री करून मगच घरच्यांचा विषय. डॉक्टरने परस्पर बहिणीला फोन करायचा नाही. रुग्णाच्या हातात एक "कुटुंबासाठी पत्र" द्यायचं: जनुकाचं नाव, नेमका बदल, प्रयोगशाळा, समुपदेशकाचा नंबर. पत्र कुणाला द्यायचं ते रुग्ण ठरवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीए चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखं काही नसतं. टीपी५३ या जनुकात बदल असेल तर कॅन्सर बालपणीच होऊ शकतो, तिथे नियम वेगळा.

पायवाट
पत्र चांगलं, पण लग्नाची मुलगी घरात असेल तर ते पत्र ट्रंकेच्या तळाशी जातं हेही धरून चाला. सासूसमोर समुपदेशन करू नये. तीन पिढ्यांची वंशावळ काढायची तर गणपतीत काढा, विरार-डोंबिवलीचे चाकरमानी तेव्हाच घरी असतात आणि कुठली आत्या कशाने गेली हे सांगणारी म्हातारी माणसंही. मात्र माटवीखाली (गणपतीवरच्या सजावटीखाली) सगळ्यांसमोर नको, एकेकाला बाजूला घेऊन.

सावकाश
विम्याचं कुणीच काढलं नाही म्हणून. अमेरिकेत २००८ पासून जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा आहे, आरोग्यविमा आणि नोकरीपुरता; आयुर्विमा त्यातही नाही. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने "जनुकीय विकार" असं सरसकट कारण देऊन दावा नाकारणं भेदभावाचं ठरवलं. पण नवीन पॉलिसी घेताना प्रस्तावअर्जात चाचणीबद्दल प्रश्न असेल तर खरं उत्तर द्यावंच लागतं. लपवलं तर दावा अडकतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. निरोगी नातेवाइकाने चाचणीआधी विम्याचा विचार करून घ्यावा.

तिठा
म्हणजे विमा कंपनीला अंधारात ठेवा असंच ना?

सावकाश
नाही. चाचणी झालेलीच नसेल तर लपवण्यासारखं काही नसतं. अर्जात कुटुंबातल्या आजारांचा रकाना असतो, तो खराच भरायचा. पण हे समुपदेशनात सांगितलं गेलं पाहिजे, रक्त घेतल्यावर नव्हे.

करवंद
थोडं अवांतर, पण मूळ मुद्द्याशी जोडलेलं. उस्मानाबादची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी आठवते? १,३१,७४६ स्त्रिया. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात मृत्यू जवळपास निम्मे, २००९ मध्ये प्रसिद्ध. पण एका गटाला तपासणीच दिली नव्हती, यावर नंतर मोठा वाद झाला. मराठी गावांतल्या बायकांच्या भरवशावर जगाला उत्तर मिळालं.

क्ष
त्या काळी तिथे तपासणीची सोयच नव्हती, "नेहमीची सेवा" म्हणजे शून्य होतं, असा बचाव आहेच.

करवंद
बचाव माहीत आहे. शून्य हीच नेहमीची सेवा असलेल्या जागा निवडायच्या आणि मग तिला नेहमीची म्हणायचं, यातच तर आक्षेप आहे. एआयच्या चाचण्या कोकणात आल्या तर हाच प्रश्न पुन्हा येणार: ज्या गावांत ॲप नाही, त्या गावांत निदान टॉर्च तरी द्याल ना?

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. यातून एका पानाचा मसुदा केलाय, ठोकून बघा.

वाक्य एक नाही, चार, प्रत्येकापुढे हो/नाही. (१) आजची तपासणी. (२) निकाल आणि नमुना पुढच्या उपचारासाठी ठेवणं. (३) नाव काढून सार्वजनिक संशोधनाला देणं. (४) कंपनीला देणं. दोन ते चार नाकारले तरी पहिलं मिळेल, हे छापलेलं. खाली: घरच्यांशी संबंधित निष्कर्ष कळवावा का, पुन्हा संपर्क साधावा का, नंबर, निकालावर सही करणारा डॉक्टर, "संशयास्पद" आल्यास बायोप्सी कुठे आणि खर्च कुणाचा. संमती मागे घ्यायला फोन नंबर.

मचवा
(४) मध्ये भर: माहिती मागे घेता येईल, पण त्यावर आधीच शिकून झालेल्या प्रोग्रॅममधून ती उपसून काढणं जवळपास अशक्य असतं. हे तिथेच लिहा. उगाच खोटं आश्वासन नको.

काचपट्टी
(२) मध्ये "नमुना" म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणातला ब्लॉकसुद्धा, हे स्पष्ट करा. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला ब्लॉक लागतो. लेखी अर्जावर किती दिवसांत मिळेल ते लिहून घ्या. आणि त्यातला सगळा तुकडा संशोधनासाठी कापून संपवू नये, एवढी एक ओळ.

दंतकथा
"फोटो वाचता आला नाही" अशांची यादी राहिली. त्यांना त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये माणसाने टॉर्च लावून बघायचं. "पुढच्या शिबिरात या" नको.

पायवाट
टॉर्चचे सेल ग्रामपंचायतीने द्यायचे का आयोजकांनी, तेही लिहा. यावरून मागाहून भांडणं होतात.